बॉल हातात नसताना तो काय करतो, ते लिही

प्रिय दोस्ता,

त्या बास्केटबॉलच्या पोरावरचा तुझा स्काउटिंग रिपोर्ट काल रात्री वाचला, आज सकाळी चहा घेताना परत वाचला. मेहनत दिसते त्यात, कॉलेजचे सगळे आकडे काढलेस, उंची वजन हातांची लांबी सगळं लिहिलंस, पाच जमेच्या बाजू आणि पाच कच्च्या बाजू, पण खरं सांगू का, वाचून झाल्यावर तो पोरगा माझ्या डोळ्यासमोर उभा राहिला नाही. नाव बदललं तर दुसऱ्या कुणालाही चालेल असा रिपोर्ट झालाय तो. म्हणून हे लांबलचक लिहितोय, रागावू नकोस.

तुला 2011 च्या एनबीए ड्राफ्टची गोष्ट सांगतो (एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्टमध्ये तिच्या टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात), कारण माझा अंदाज तिथे साफ चुकला होता आणि त्यातून जे शिकलो ते अजून वापरतो. त्या सीझनला ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीचा जिमर फ्रेडेट म्हणजे कॉलेज बास्केटबॉलचा राजा होता. मॅचला सरासरी 28.9 पॉइंट्स, अख्ख्या देशात पहिला. थ्री पॉइंटच्या लाइनच्या (जिच्या मागून बास्केट केली की दोनाऐवजी तीन पॉइंट्स) कितीतरी मागून शॉट मारायचा आणि जायचे रे आत! जानेवारीत सॅन डिएगो स्टेटविरुद्ध त्याने 43 केले. सॅन डिएगो स्टेट त्या वर्षी फक्त तीन मॅच हरली, त्यातल्या दोन जिमरच्या टीमकडून. आणि त्या हरलेल्या टीममध्ये एक गप्प गप्प पोरगा होता, कवाय लेनर्ड. सरासरी 15.5 पॉइंट्स, 10.6 रिबाउंड्स (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), थ्री पॉइंटर मात्र जेमतेम 29 टक्के.

ड्राफ्टला जिमर 10 वा गेला, सॅक्रॅमेंटोकडे. कवाय 15 वा. इंडियानाने घेतला आणि त्याच रात्री जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला दिला. मला वाटलं होतं सॅक्रॅमेंटोने बाजी मारली. आता तू म्हणशील की जिमरचं शूटिंग वरच्या लेव्हलला चाललं नसेल. इथेच सगळे चुकतात. ते चाललं! एनबीएच्या पूर्ण करिअरमध्ये त्याचे थ्री 37 टक्क्यांच्या वर आहेत, आणि एनबीएची लाइन तेव्हाच्या कॉलेजच्या लाइनपेक्षा समोरून तीन फूट लांब होती. म्हणजे रिपोर्टमध्ये जी जमेची बाजू सगळ्यांनी सगळ्यात वर लिहिली ती अगदी खरी होती, तरी तिसरा सीझन संपायच्या आत सॅक्रॅमेंटोने त्याला सोडलं.

का, ते बघ. कॉलेजमध्ये बॉल कायम जिमरच्या हातात, स्क्रीन (म्हणजे सोबत्याने मध्ये उभं राहून समोरच्याला अडवणं) त्याच्यासाठी, शॉट कधी घ्यायचा ते तोच ठरवणार. सॅक्रॅमेंटोत बॉल हातात ठेवून खेळणारे आधीच होते, मग हा कोपऱ्यात उभा, मोजकेच शॉट मिळणार आणि डिफेन्स करताना समोरच्या टीमचा बॉल घेऊन येणारा खेळाडू त्याला चुकवून सरळ बास्केटपर्यंत जाणार. आणि उंची कमी पडली असंही म्हणू नकोस, कारण त्याच टीमने त्याच ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, 60 व्या नंबरला आयझेया थॉमस घेतला, पाच फूट नऊ इंच, जिमरपेक्षा बराच बुटका, आणि पहिल्याच सीझनला त्याने सुरुवातीच्या पाचात जागा मिळवली. पहिल्या पावलाचा वेग होता त्याच्याकडे. (जिमर पुढे चीनमध्ये शांघायकडून खेळताना एका मॅचमध्ये 73 करून गेला, बॉल परत त्याच्या हातात होता ना. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.)

आता कवाय. त्याला कामाला लागायला बॉल लागतच नव्हता. रिबाउंड, डिफेन्स, समोरच्याच्या हातातून बॉल काढणं, आणि सॅन अँटोनियोत डंकन, पार्कर, जिनोबिली असे स्टार असताना त्यांना नेमकं हेच हवं होतं. राहिला प्रश्न त्या 29 टक्क्यांचा. कच्ची बाजू लिहून तू तिथेच थांबतोस, पुढचं विचारत नाहीस, की हे का होतंय आणि सुधारेल का. त्याचे फ्री थ्रो (फाउल झाल्यावर कुणी न अडवता मिळणारे शॉट) 75 टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे हाताला टच होता, अडचण शॉटच्या पद्धतीत होती. वय होतं 19, जिमर 22 चा. टीमचे शूटिंग कोच चिप एंगलंड यांनी त्याचा रिलीज, म्हणजे बॉल हातातून सोडायची पद्धत, बदलून घेतला आणि पहिल्याच सीझनला थ्री 37 टक्क्यांच्या पुढे. 2014 च्या एनबीए फायनलला समोरच्या टीमचा स्टार लेब्रॉन जेम्स याला अडवायचं काम करून तो फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, बाविसाव्या वर्षी.

म्हणून तुझ्या रिपोर्टमधली ती 'स्कोअरिंग उत्तम' वाली ओळ काढ. त्याऐवजी त्याचे किती पॉइंट्स स्वतःच्या ड्रिबलवर येतात आणि किती दुसऱ्याच्या पासवर येतात ते मॅच बघून मोज, वही घेऊन बस, हायलाइट्स बघून हे कधीच कळत नाही कारण हायलाइटमध्ये बॉल नेहमी त्याच्याकडेच असतो. पास दिल्यावर तो उभा राहतो की धावतो? शॉट चुकल्यावर परत डिफेन्सला कितव्या नंबरवर पोचतो? 'डिफेन्स कच्चा' असं लिहिलंयस, त्याने काहीच कळत नाही. पाय हळू आहेत, की पाय ठीक आहेत पण स्क्रीन येतोय हे त्याला उशिरा कळतं? हळू पायांचं कोच फार काही करू शकत नाही, उशिरा कळणं मात्र दोन सीझनमध्ये बरंच सुधारतं. आणि ज्या टीमने त्याला घेतलंय तिथे बॉल कोणाच्या हातात असतो ते पहिल्या परिच्छेदातच यायला हवं, तुझ्याकडे ते कुठेच नाहीये.

पाच आणि पाच जमवायचा हट्टही सोड. एखाद्याच्या दोनच गोष्टी लिहिण्यासारख्या असतील तर दोनच लिही, पण त्या नीट दोन पानं लिही.

त्याच्या टीमच्या हरलेल्या चार मॅच शोधून पूर्ण बघ, आणि रविवारी ग्राउंडवर येताना वही घेऊन ये, लॅपटॉप नको.