आवाज बसलाय आणि सुपाऱ्या घेतल्यात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणते, गावही नको. पाच जणांचा बँड, त्यात ही एकटी मुलगी आणि हीच मुख्य गायिका. गेल्या वर्षी त्यांचं एक गाणं रीलवर खूप फिरलं, तेव्हापासून कार्यक्रमांच्या सुपाऱ्या थांबेनात. निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, हुबळी, गोवा. पत्र लांबलचक आहे, त्यातलं थोडं देते.

"अक्का, काल फोंड्याला हॉलमध्ये शो होता. साडेअकराला संपला. सामान भरून, जेवून निघायला दीड झाला. चोर्ला घाटात पुढचं काही दिसंना इतकं धुकं. मी गाडीत मागच्या सीटवर झांजांच्या बॅगेवर डोकं ठेवून पडले होते. पहाटे साडेचारला घर. अकराला परत टिळकवाडीत रेकॉर्डिंग. मित्राच्या घरातली खोली आहे. भिंतीला गाद्या लावल्यात, फॅन बंद ठेवावा लागतो. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की टेक परत. दिवाळीपर्यंत सहा गाणी द्यायची आहेत. गेले दोन महिने सकाळी माझा आवाजच फुटंना झालाय. दुपारी येतोय, पण वरच्या सुरांना चिरतोय. पोरांना सांगितलं नाही. कीबोर्डवाला म्हणतोय, गोळी चघळ, होतंय बरं. घरी सांगितलं तर गाणंच बंद करतील. गणपतीत अकरा सुपाऱ्या आहेत, ॲडव्हान्स घेतलाय. निपाणीकडं एका मंडळात कन्नड गाणं घेतलं तर आरडाओरडा झाला, हुबळीला मराठी घेतलं तर झाला. आणि दिवाळीच्या सहांतलं एक गाणं माझ्या चालीचं आहे, ते पण बँडच्या नावावर टाकायचं म्हणतात. मी बँड सोडू काय?"

पोरी, बँड सोडायचा की नाही हे आत्ता ठरवू नकोस. दमलेल्या अंगानं आणि बसलेल्या घशानं असले निर्णय घ्यायचे नसतात. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. याच आठवड्यात जा. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला की दुर्बिणीनं घसा तपासून घ्यायचा असतो, आणि तुझे तर दोन महिने झाले.

हे मी एवढ्या कळकळीनं लिहिते, कारण हाच उशीर मी स्वतः केला आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. एका वर्गात साठ पोरं, बाहेर रस्ता, वर पत्रा. पावसात तर ओरडूनच शिकवायचं. आवाज बसला तेव्हा ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं. शेजारणीनं सांगितलेला अडुळशाचा काढाही झाला. चार महिने असे गेले. शेवटी डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली आणि माझाच घसा मला पडद्यावर दाखवला. समोरासमोर दोन पांढरट पट्ट्या, म्हणजे आपले स्वरतंतू, आणि दोन्हींवर बरोबर मधोमध तांदळाच्या कणीएवढा एकेक फुगवटा. आम्ही बायका बोलतो तेव्हा त्या पट्ट्या एका सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. गाताना वर गेलं की त्याहून जास्त. एकाच जागी रोज आपटून आपटून तिथं घट्टा पडतो, हाताला पडतो तसाच. डॉक्टर म्हणाले, हे शिक्षकांत आणि गाणाऱ्यांत नेहमी दिसतं. मला ऑपरेशन लागलं नाही. विश्रांती आणि स्पीच थेरपीचे व्यायाम, एवढ्यावर भागलं. पण चौथ्या महिन्याऐवजी पहिल्याच महिन्यात गेले असते तर शाळेचं अर्धं वर्ष वाया गेलं नसतं.

तुझ्या घशात नक्की काय आहे ते मी इथं बसून सांगू शकत नाही. ते डॉक्टरच बघून सांगतील. पण तुझ्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टींवर बोट ठेवते.

सकाळी आवाज जास्त बसलेला असतो म्हणतेस. रात्री एक वाजता जेवायचं आणि लगेच गाडीत आडवं व्हायचं, हे एक कारण त्यामागे असू शकतं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि रात्रभर त्या नाजूक पट्ट्यांना चटका देतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, सकाळी आवाज तेवढा घोगरा येतो. शोच्या आधी सहा-साडेसहाला पोटभर जेव, नंतर केळं नाहीतर दहीभात. ढाब्यावर पोरं जेवतील तेव्हा तू चहासुद्धा घेऊ नकोस. पाणी पी.

दुसरं म्हणजे तुला स्टेजवर तुझा आवाज ऐकू येतो का? पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण मला दाट शंका आहे की येत नसणार. पाठीमागे ड्रम, बाजूला गिटारचा ॲम्प. स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की माणूस नकळत ओरडून गातो. मी वर्गात तेच करत होते. साउंडवाल्याला सांगून तुझ्यासमोर एक मॉनिटर, म्हणजे तुझ्याकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवायला लाव, त्यात तुझाच आवाज वर ठेव, बाकीच्यांचा जेमतेम. पुढे पैसे साठले की आधी कानात घालायचे इन-इअर मॉनिटर घ्या. नवीन लाइट नंतर घेता येतील.

आणि गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, उतरव. काळी पाचला गातेस ती गाणी काळी चारला आण. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटन दाबलं की झालं. गिटारवाल्याला बोटं नवीन जागी बसवावी लागतील, बसवू दे. श्रोत्यांना एका स्वराचा फरक कळत नाही. फाटलेला आवाज मात्र शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतो.

आवाज जपायचा म्हणून कुजबुजत बोलू नकोस, त्यानं ताण पडतोच. गप्प बसायचं तर पूर्ण गप्प बस. आणि गाता गाता एकदम आवाज गेला, घशात काहीतरी फुटल्यासारखं झालं, तर ते गाणं तिथंच थांबव. पुढची ओळसुद्धा म्हणायची नाही, सरळ डॉक्टर. त्या दिवशी कमिटीचा अध्यक्ष काय म्हणेल याचा विचार करायचा नाही.

आता पोरांचं. तू त्यांना सांगितलेलं नाहीस, आणि या सगळ्या पत्रात मला हेच जास्त लागलं. पाच जण रात्रंदिवस एका गाडीत बसता, एका डब्यातलं खाता, आणि एकीचा आवाज दोन महिने बसलाय हे बाकीच्या चौघांना माहीत नाही. तुला वाटतंय सांगितलं तर ते दुसरी बघतील. बघतीलही. पण न सांगता गणपतीत सातव्या सुपारीला स्टेजवरच आवाज गेला, तर ते चौघंही तुझ्याबरोबर उघडे पडतील. चाचपडत सांगू नकोस. डॉक्टरांचा कागद घेऊन जा आणि तारखांची वही मधे ठेवून बसा.

त्या वहीत आधी रिकामे दिवस लिहायचे, मग सुपाऱ्या. सलग दोन शोनंतर एक दिवस आवाज बंद. शोच्या दुसऱ्या दिवशी तुझं रेकॉर्डिंग नाही. त्या दिवशी खोलीत ड्रम, गिटार, बेसचं काम करा, तुझ्या गाण्याचा नुसता कच्चा ट्रॅक ठेवून. तुझा आवाज घ्यायचा तो विश्रांतीनंतरच्या दिवशी, उठून तीन-चार तास झाल्यावर, आधी हळूहळू घसा मोकळा करून. शो संपला की विसरला जातो. रेकॉर्ड झालेला चिरका आवाज तसाच राहतो, तुझ्या नातवंडांनाही तोच ऐकू येणार.

पोरं ऐकेनात तर त्यांना बीटल्स या इंग्लिश बँडचं उदाहरण दे, त्यांना ते नाव नक्की ठाऊक असेल. ११ फेब्रुवारी १९६३ ला त्या चौघांनी लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड केली. तीही भर दौऱ्यात, त्यांच्यातल्या जॉन लेननला सर्दी झालेली असताना. ज्या गाण्यात सर्वांत जास्त ओरडायचं होतं ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यानंतर घसा उरणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आणि झालंही तसंच, दुसऱ्या टेकला आवाजच नव्हता. त्यानंतर साडेतीन वर्षं दौरे केले आणि ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी दौरे कायमचे बंद केले, स्टुडिओत बसले. तुम्ही दौरे बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचं पोट त्यावर आहे. पण कुठलं गाणं कधी गायचं हे घशाकडे बघून ठरवायचं, एवढं तरी त्यांच्याकडून घ्या.

अकरा सुपाऱ्यांचं काय? डॉक्टर गाऊ नको म्हणाले तर गायचं नाही, ॲडव्हान्स परत करायची वेळ आली तरी. ते पैसे पाचांनी मिळून भरायचे, तुझ्या एकटीच्या वाट्यातून नाही. थोडं गायला परवानगी दिली तर कमिटीवाल्यांना आत्ताच फोन करा. दोन तासांच्या कार्यक्रमात तुझी पाच-सहा गाणी, बाकी पोरांनी गायचं, दोन नुसत्या वाद्यांवर घ्यायची, एखादी मैत्रीण पाहुणी म्हणून बोलवायची. आणि "अजून एक, अजून एक" सुरू झालं की नियम पुढे करायचा: रात्री दहानंतर स्पीकर बंद. सणाचे काही मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण सूट मिळाली म्हणून बारापर्यंत गायलाच हवं असं कुठं लिहिलेलं नाही.

तुझ्या चालीचं गाणं. इथं मात्र मी तुला थोडं रागावते. आपलीच पोरं आहेत, कशाला तोंड वाईट करायचं, असं मनात आणू नकोस. अपलोड करायच्या आधी एका कागदावर लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वादन कुणाचं, कुणाला किती टक्के. पाचांच्या सह्या, तारीख. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क जपलेला आहे, उद्या एखादी कंपनी आली तरी तो सहजी लिहून घेता येत नाही. पण चाल तुझी आहे हे कागदावर दिसायला तर हवं. पहिल्यांदा फोनमध्ये गुणगुणून ठेवली असशील ती फाइल पुसू नकोस, तिच्यावर तारीख असते. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद होता येतं, त्याची माहिती काढ. गाणं चालायच्या आधी हे बोलायला पाच मिनिटं पुरतात, चाललं की वकील लागतो.

कन्नड-मराठीचा आरडाओरडा वाचून वाईट वाटलं. आपल्या भागात या गोष्टीला किती धार आहे ते मला माहीत आहे, आमच्या घरात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आहेत. कुठं कुठली गाणी घ्यायची ते सुपारी घेतानाच आयोजकांशी बोलून ठेवा. स्टेजवरून माईक हातात घेऊन उत्तर द्यायला जाऊ नका. पण दोन्हींतली गाणी सोडू नकोस, पोरी. आपल्या जवळच्याच सुळेभावीत कन्नड घरात जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी मराठी माणसाला किती वेड लावलं! त्यांचं नाव काढलं ते आणखी एका कारणानं. १९४८ च्या सुमारास ते देवासला राहायला गेले ते क्षयाचं आजारपण घेऊन. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पंचविशीच्या आत-बाहेरचं वय, लहानपणापासून गाजलेला गवई, आणि पाच-सहा वर्षं अंथरुणावर गप्प. त्या खोलीत त्यांच्या कानावर माळव्यातली लोकगीतं पडत राहिली. १९५३ मध्ये परत गायला बसले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेलं होतं आणि गाणं सगळं नवं होतं. तुला फार तर काही आठवडे गप्प बसायला लागेल.

घरच्यांना सांग. आईला आधी. गल्लीतले लोक पहाटे साडेचारला कोण आलं त्यावर बोलतात, त्याला इलाज नाही. पण आईला तू कुठं होतीस, कुणाबरोबर होतीस, घसा का धरलाय, हे माहीत असेल तर तीच त्यांना उत्तर देईल. एकदा तिला टिळकवाडीच्या त्या खोलीत घेऊन जा. फॅन बंद करून, घामाघूम होऊन एक ओळ चौदा वेळा म्हणणारी आपली मुलगी तिनं बघू दे.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी लिहिते, कारण तेवढं वाचून मला रात्री झोप लागली नाही. रात्री दीड वाजता, पावसाळ्यात, धुक्यात चोर्ला घाट! त्या ड्रायव्हरनं दुपारी झोप काढली होती का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का? गोव्याच्या सुपारीत यापुढे मुक्कामाचे पैसे धरा. धरले नाहीत तर जाऊ नका. सकाळी उजाडल्यावर निघा, चहा पीत या.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. फोन करू नकोस, दोन ओळी लिही. तेवढंच बोलणं वाचेल.

— अक्का