बोर्डावर जेवण, बोर्डात नोकरी

बाई, जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला निघालोय. तिथून चार दिवस ऑस्ट्रियात राहायचं बुकिंग त्याने केलंय. कागदावर ‘हाफ बोर्ड’ असं छापलंय. हे म्हणतात, अर्धी फळी म्हणजे दोघांत एकच कॉट असणार. मुलाला विचारायला संकोच वाटतो. (इचलकरंजी)

ह्यांना सांगा, कॉटची काळजी नको. ‘हाफ बोर्ड’चा झोपण्याशी काही संबंध नाही, तो जेवणाशी आहे. सकाळची न्याहारी आणि बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यात धरलेलं असतं, दुपारचं तुमचं तुम्ही बघायचं. ‘फुल बोर्ड’ असेल तर तिन्ही वेळचं. जेवताना मागवलेल्या पेयांचं बिल बहुधा वेगळं लागतं. आणि शाकाहारी असाल तर मुलाला आधीच कळवायला सांगा. अशा ठिकाणी रात्रीचा बेत ठरलेला असतो, ऐनवेळी तुमच्यासाठी वेगळं काही करतील याचा भरवसा नाही.

आता फळीवर जेवण कसं आलं ते सांगते. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. त्या काळी मोठ्या घरांतसुद्धा जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसे. दोन लाकडी घोड्यांवर लांब फळी टाकायची, जेवायचं आणि झालं की फळी भिंतीला लावून ठेवायची. त्यामुळे फळी म्हणजे टेबल झालं आणि टेबल म्हणजे त्यावरचं जेवण. पैसे घेऊन जेवूखाऊ घालणं ते ‘बोर्डिंग’, नुसती राहायची सोय ते ‘लॉजिंग’. आपणही जेवणासाठी फळीच वापरली, पण ती खाली घेतली आणि तिला पाट म्हटलं. इंग्रजाने फळीवर ताट ठेवलं, आपण फळीवर बसलो.

माझे वडील कोल्हापुरात पेंटर होते, दुकानांचे बोर्ड रंगवायचे. पैसे अक्षरावर मिळत. काना-वेलांटीचे वेगळे पैसे गिऱ्हाईक देत नाही, रंग मात्र लागतो, ही त्यांची जन्माची तक्रार. स्टँडजवळच्या एका लॉजचा ‘बोर्डिंग-लॉजिंग’ असा लांबलचक बोर्ड त्यांनी रंगवला तेव्हा मी सातवीत होते. विचारलं, “आप्पा, बोर्डिंग म्हणजे काय हो?” ब्रश न थांबवता म्हणाले, “ज्याला बोर्ड हाय ते बोर्डिंग. इंग्रजी तू शिकतीस का मी?” लॉजच्या मालकालाही एवढंच माहीत असावं. तिथे चहापलीकडे काही शिजत नसे.

खरं तर कोल्हापूरच्या पोरीला हा प्रश्न पडायलाच नको होता. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग उघडलं. पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. यांतली काही आजही दसरा चौकात शेजारीशेजारी दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात होते तेव्हा जैन बोर्डिंगात राहत. त्यांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं, त्याला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पुस्तकात आपण ‘वसतिगृह’ लिहितो. त्या शब्दात फक्त राहणं आहे. जेवण ‘बोर्डिंग’मध्ये आहे, आणि खेड्यातून आलेल्या पोराची पहिली अडचण ती होती. त्या मुलांनी त्या संस्थांना कधी वसतिगृह म्हटलं असेल असं मला वाटत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून “मी बोर्डिंगात होतो” असंच येतं.

पुतण्याला हिंजवडीत नोकरी लागली. म्हणतो, “सोमवारी माझं ऑनबोर्डिंग आहे.” विमानाला बोर्डिंग पास, रेल्वेच्या तिकिटावर बोर्डिंग स्टेशन. इथे जेवण कुठे आलं? (सातारा)

इथे जेवण नाही. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’चा आणखी एक अर्थ होता, कड किंवा जहाजाची बाजू. कोशकारांच्या मते मुळात हे दोन वेगळे शब्द असावेत, पण जहाजाची बाजू फळ्यांचीच असल्यामुळे ते एकमेकांत मिसळून गेले. ती बाजू ओलांडून आत गेलात की तुम्ही ‘ऑन बोर्ड’. बाहेर पडलात तर ‘ओव्हरबोर्ड’. जहाजावरून हा शब्द विमानावर आला, रेल्वेवर आला आणि आता कंपनीवरही आला. पुतण्याला जहाजावर घेतलंय म्हणा.

कडेचा हा अर्थ फ्रेंचांनीही उचलला आणि तिकडून तो ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत परतला. तुमच्या घरातल्या साडीची बॉर्डर आणि पुतण्याचं ऑनबोर्डिंग हे लांबचे भाऊबंद आहेत. आपल्याकडे नदीलाही काठ आणि साडीलाही काठ. तिथे मात्र बॉर्डर साडीला आणि देशाला असते, नदीला नसते.

जहाजाचं निघालंच आहे तर आणखी एक. मर्चंट नेव्हीतला माझा एक विद्यार्थी सुट्टीत आला की मलाच शिकवतो. जहाजाची उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’. मला वाटायचं, ताऱ्यांवरून दिशा ठरवत असतील म्हणून हे नाव. तसं नाही. त्यातलं ‘स्टार’ म्हणजे सुकाणू. मधोमध सुकाणू बसवायची पद्धत येण्याआधी ते एका मोठ्या वल्ह्यासारखं उजव्या अंगाला बांधलेलं असे. धक्क्याला घासून मोडू नये म्हणून जहाज डाव्या अंगाने लावत. डाव्या बाजूचं जुनं नाव होतं ‘लारबोर्ड’. वादळात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ ओरडून सांगितलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? शेवटी १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढला की डाव्या बाजूला ‘पोर्ट’च म्हणायचं. पुढच्या वेळी विमानात चढताना बघा, तुम्ही डाव्या दारानेच आत जाल.

‘कबर्ड’वरून ‘कपाट’ आलं का? (सोलापूर)

नाही. कपाट संस्कृत आहे, अर्थ दाराची फळी. आपलं कवाड त्यातलंच. दरवर्षी ‘केदारनाथचे कपाट उघडले’ अशी बातमी येते, ती कुणाच्या गोदरेजबद्दल नसते. इंग्रजी ‘कबर्ड’ आधी पेले मांडायची उघडी फळी होती, दारं तिला मागाहून लागली. दोघांच्या मुळाशी फळी निघावी हा योगायोग, आणि फार गोड योगायोग.

मी भाषांतराची कामं घेते. ‘बोर्ड’ला प्रत्येक वेळी वेगळा शब्द लिहावा लागतो : फळा, मंडळ, फलक, पाटी. एकच नेमका मराठी शब्द सुचवाल का? (नागपूर)

सुचवणार नाही. एकच शब्द धरून बसलात तर फसाल.

कारभार पाहणाऱ्या बोर्डाचंच घ्या. टेबलाभोवती बसून निर्णय घेणाऱ्यांना टेबलाचंच नाव पडलं. ईस्ट इंडिया कंपनीवर नजर ठेवायला लंडनमध्ये १७८४ साली ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसवलं ते हेच. आपण त्याला मंडळ म्हणतो, म्हणजे वर्तुळ. इंग्रजाला मधलं लाकूड दिसलं, आपल्याला भोवतीची माणसं दिसली. भाषांतर म्हणून मला हे मुळापेक्षा सरस वाटतं. आपली फळीही काही कमी नाही. क्रिकेटमध्ये सलामीची फळी असते, निवडणुकीत कार्यकर्त्यांची असते. त्या फळीला इंग्रजीत ‘बोर्ड’ केलंत तर वाचणारा सुताराला बोलावील.

दुसरं असं की ‘बोर्ड’ आता पुरता मराठी झालाय आणि त्याला इथे आलेले अर्थ लंडनला ठाऊक नाहीत. माझ्या आईची शाळा ‘लोकल बोर्डाची’. १९६२ साली त्या बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या तरी आईसाठी ती मरेपर्यंत बोर्डाचीच राहिली. १९६६ साली राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ सुरू झालं, आणि पुढे “अमक्याची मुलगी बोर्डात आली” म्हटलं की गुणवत्ता यादीत आली, पेढे आणा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तेच “जावई बोर्डात आहे” म्हटलं की तो वीज मंडळात. २००५ साली त्या मंडळाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या, पण आमच्या गल्लीत दिवे गेले की अजून बोर्डालाच फोन जातो. मुलगी बोर्डात आली आणि जावई बोर्डात आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच लग्नात ऐकलेली मी बाई आहे. भाषांतर करून दाखवा.

दुकानावरच्या बोर्डाला इंग्रज साधारणपणे ‘साइन’ म्हणतो. मराठीत तो फलक तेव्हाच होतो जेव्हा सरकारी पत्रक निघतं. तुमचं काम सरकारी असेल तर फलक लिहा. गोष्टीतलं दुकान असेल तर बोर्डच राहू दे. आणि पुण्यातलं दुकान असेल तर पाटी.

‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे काय? (कराड)

पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. खाली गेले की पानं बदलल्याचा संशय. म्हणून ‘अबव्ह बोर्ड’ म्हणजे लपवाछपवी नसलेलं, चोख. एका शिक्षणसंस्थेच्या वार्षिक अहवालात मी याचं भाषांतर वाचलंय : ‘संस्थेचे सर्व आर्थिक व्यवहार मंडळाच्या वर आहेत.’ समासात कुणीतरी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘माहीत आहे.’