‘हिरो’ हा चिनी सिनेमा दिसायला सुंदर आहे हे मान्य, पण चाहते त्याला एवढं डोक्यावर का घेतात?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झांग यिमौचा ‘हिरो’ (2002) पाहिला, डोळ्यांचं पारणं फिटलं, पण माणसं पाण्यावरून पळतात, एकच गोष्ट तीन-चार वेळा सांगितली जाते आणि शेवटी नायक राजाला मारायची हाती आलेली संधी सोडून मरतो. मग एवढं कौतुक कशाचं?

मी त्या कौतुक करणाऱ्यांतलाच, तेव्हा उत्तर तटस्थ असेल अशी अपेक्षा ठेवू नका. शेवट तुम्ही प्रश्नातच फोडून ठेवला आहे, म्हणून मीही हातचं राखून लिहीत नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. (आणि शोधताना दिग्दर्शकाचं नावही टाका, नाहीतर याच नावाचे हिंदी सिनेमे आधी समोर येतात.)

तुम्हाला जे खटकलं, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं, तिथेच या सिनेमाचं मर्म आहे. प्राचीन चीनमधल्या छिन राज्याचा राजा मारेकऱ्यांच्या भीतीने रिकाम्या दरबारात एकटा बसलेला. त्याच्या शंभर पावलांच्या आत कुणालाही यायला मनाई. जेट लीचा ‘नेमलेस’ येतो आणि सांगतो, तुझ्या जिवावर उठलेले तिघे मी संपवले. एका मारेकऱ्याच्या बदल्यात वीस पावलांपर्यंत येण्याची मुभा, उरलेल्या दोघांच्या बदल्यात दहा पावलांपर्यंत. म्हणजे तो गोष्ट सांगत सांगत राजाच्या जवळ सरकतो आहे. त्याची गोष्ट लाल रंगात घडते. राजा ऐकून घेतो, म्हणतो तू खोटं बोलतोस, आणि काय घडलं असावं ते स्वतः सांगतो. ते निळ्या रंगात. मग नेमलेस खरं काय ते सांगतो, ते पांढऱ्यात. त्या खऱ्या गोष्टीच्या पोटात तिघांपैकी एका मारेकऱ्याची, ब्रोकन स्वोर्डची, जुनी आठवण येते, ती हिरवी. आणि हे सगळं बोलणं जिथे चाललंय तो राजवाडा काळा.

इंटरनेटवर ‘लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे शांती’ छापाचे तक्ते ढिगाने सापडतील. ते बाजूला ठेवा. माझ्या मते रंग सांगतो तो एवढंच, की आत्ता बोलतंय कोण. लाल गोष्टीतली माणसं बघा: मत्सराने पेटलेली, सूडापोटी एकमेकांच्या जिवावर उठणारी. कारण नेमलेसला राजाच्या गळी हे उतरवायचं आहे, की हे मोठे मारेकरी मुळात हलक्या काळजाचे होते, म्हणून माझ्या हाती लागले. तीच माणसं निळ्यात शांत, एकमेकांसाठी जीव देणारी होतात, कारण ती गोष्ट राजाच्या डोक्यातली आहे. राजा आपल्या शत्रूंना किती थोर समजतो हे आपल्याला नुसत्या संवादातून नाही, निळ्या कपड्यांतूनही कळतं. दुसऱ्यांदा पाहताना हे लक्षात येतं आणि मग तिसऱ्यांदा पाहिल्याशिवाय राहवत नाही.

एक जागा मुद्दाम परत लावून बघा. राजा आणि नेमलेस यांच्या मध्ये दिव्यांच्या रांगा आहेत. बोलता बोलता त्या ज्योती राजाच्या दिशेने थरथरतात. वारा नाही, काही नाही. राजा त्यांच्याकडे बघतो आणि समोरच्याच्या मनात खून आहे हे त्याला त्यांवरूनच उमगतं. पुढे नेमलेसचं मन डळमळतं तेव्हा त्याच ज्योती सैरभैर होतात. दोन माणसं समोरासमोर बसून नुसती बोलताहेत अशा प्रसंगाला मारामारीइतकाच ताण आला आहे, आणि तो संवादांनी नाही, ज्योतींनी आणला आहे.

हे दिग्दर्शकाला जमलं यात नवल नाही, कारण झांग यिमौ मूळचा कॅमेरामन. 1984 चा ‘यलो अर्थ’ त्याने चित्रित केला होता, दिग्दर्शक तो नंतर झाला. ‘हिरो’चा कॅमेरा मात्र त्याने ख्रिस्तोफर डॉयलकडे दिला, कपडे जपानच्या एमी वाडांकडे (जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या ‘रान’साठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं), हाणामारी हाँगकाँगच्या चिंग सिऊ-तुंगकडे आणि संगीत तान दुनकडे. संगीतात व्हायोलिन इत्झाक पर्लमनचं आहे आणि ढोल जपानच्या ‘कोदो’ मंडळींचे. एवढी नावं एका श्रेयनामावलीत सापडली की चाहत्यांच्या तोंडाला पाणी सुटणारच.

आता पिवळ्या पानांची लढाई. लाल कपड्यांतल्या दोघी, मॅगी चुंगची फ्लाइंग स्नो (तिघांतली दुसरी मारेकरी, ब्रोकन स्वोर्डची प्रेयसी) आणि झांग झियीची मून (ब्रोकन स्वोर्डची सेविका), सोनेरी झाडांच्या राईत लढतात. ही राई इनर मंगोलियातली आहे, तिथल्या वाळवंटी पॉप्लर झाडांची. ही झाडं शरद ऋतूत अगदी थोडे दिवस अशी पिवळीधमक होतात, तेवढ्यात काम उरकावं लागतं. तिथे चक्क पानांची प्रतवारी केली होती. उत्तम पानं अभिनेत्रींच्या चेहऱ्यासमोरून उडवायची, त्याखालची जरा मागे आणि उरलेली जमिनीवर पसरायची. संत्र्याच्या पेट्या भरताना फळं निवडावीत तशी पानं निवडली, असं समजा. पडद्यावर पानांचं वादळ अंगावर येतं त्यामागे ही खटपट आहे. मून मरते तेव्हा तिच्याभोवतीची पिवळी पानं बघता बघता लाल होत जातात. हा अर्थातच संगणकाचा खेळ, पण त्याआधीचा सगळा पिवळा इतका खरा असतो की तो लाल आपल्याला खोटा वाटत नाही.

सगळ्यांना भावते ती तळ्यावरची लढाई मला थोडी अति वाटते, हेही सांगून टाकतो. सिछुआन प्रांतातल्या च्योचाईकोऊ खोऱ्यातलं तळं, आरशासारखं पाणी, त्यावर पाय टेकवत जेट ली आणि ब्रोकन स्वोर्ड झालेला टोनी लिऊंग. पाणी असं निश्चल रोज थोडाच वेळ असतं, त्यामुळे या एका प्रसंगाला बरेच दिवस गेले. मेहनत कबूल. पण माझ्यापुरता तो प्रसंग तरतो तो एका थेंबामुळे. तळ्यातल्या मंडपात फ्लाइंग स्नोचं कलेवर ठेवलेलं असतं. लढताना उडालेला पाण्याचा एक थेंब तिच्या गालावर पडतो आणि ब्रोकन स्वोर्ड लढाई अर्धवट टाकून तो पुसायला जातो. पाठ उघडी टाकून. बाकीचं तळं मी पुढे ढकलू शकतो, थेंब नाही.

माझी आवड विचाराल तर ती पहिली लढाई, पावसातली. तिसरा मारेकरी झालेल्या डॉनी येनच्या हातात भाला, जेट लीच्या हातात तलवार, पटाचा खेळ चालतो ते जुनं घर, छपरावरून गळणारं पाणी आणि कोपऱ्यात चिनी तंतुवाद्य वाजवणारा म्हातारा. दोघे डोळे मिटून उभे राहतात, चित्र कृष्णधवल होतं आणि लढाई मनातल्या मनात सुरू होते. वाद्याच्या तारा तुटतात, त्या क्षणी डोळे उघडतात आणि खरी लढाई निमिषात संपते. जेट ली थेंबांना भेदत पुढे येतो तो शॉट आज कितीतरी नकलांनंतरही ताजा आहे. जुन्या चाहत्यांना इथे आणखी एक कारण असतं. हे दोघे 1992 च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना 2’ मध्ये एकमेकांविरुद्ध उभे होते, आणि ती जोडी पुन्हा समोरासमोर यावी म्हणून लोक दहा वर्षं वाट बघत होते. दोघेही खरेच लढवय्ये: जेट ली लहानपणापासून बीजिंगच्या वूशू (चिनी युद्धकला) संघात, राष्ट्रीय विजेता. तारांच्या आधाराने उडतात हे खरं, पण हातापायांची सफाई तारांनी येत नसते.

उडण्याबद्दल तुम्ही विचारलंच आहे. हा कुंग फू पट नव्हे. याला ‘वूशिया’ म्हणतात: भटके तलवारबहाद्दर, त्यांची शपथ, त्यांचा मान. या कथा चिनी लोक पिढ्यान्पिढ्या वाचत आले आहेत. साधनेने शरीर हलकं होतं आणि माणूस पाण्यावर, बांबूच्या शेंड्यावर पाय टेकवून जाऊ शकतो, हे त्या जगात गृहीतच धरलेलं असतं. मारुती समुद्र उडी मारून गेला हे ऐकताना आपण कुठे कुरकुरतो? किंग हू या दिग्दर्शकाने बांबूच्या बनातली लढाई ‘अ टच ऑफ झेन’मध्ये 1971 सालीच दाखवली होती, आणि पुढे त्या सिनेमाला कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिकही मिळालं. ‘हिरो’ त्याच वाटेवरचा आहे, फक्त पैसा जास्त.

राहिला शेवट. इथे तुमच्याशी भांडायला मी तयार नाही, कारण बऱ्याच समीक्षकांनी याच कारणासाठी सिनेमाला झोडपलं. राजा म्हणजे पुढे इ.स.पू. 221 मध्ये सगळी राज्यं जिंकून चीनचा पहिला सम्राट झालेला छिन शी हुआंग. त्याच्यावर इ.स.पू. 227 मध्ये चिंग ख नावाच्या माणसाने नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून नेऊन खरोखरच हल्ला केला होता, तो फसला. सिनेमाने ही घटना उचलून मारेकऱ्यालाच माघार घ्यायला लावली: एका जुलमी राजाखाली का होईना, देश एक झाला तर लढाया थांबतील म्हणून. हे ऐकून अंगावर काटा यायला हवा. आणि गंमत बघा, या दिग्दर्शकाच्या ‘टू लिव्ह’ (1994) वर त्याच्याच देशात बंदी आली होती. त्याने असा शेवट का केला, यावर चाहते अजून हमरीतुमरीवर येतात.

मला वाटतं, पटकथा एक सांगते आणि चित्रं दुसरंच. लाल गोष्टीतली ती लेखनशाळा आठवा. बाहेरून छिनचे बाण पावसासारखे कोसळताहेत, छप्पर फोडून मुलांना लागताहेत, आणि म्हातारे गुरुजी बसल्या जागेवरून हलत नाहीत. मुलं परत आपापल्या जागी येऊन वाळूत अक्षरं गिरवू लागतात, आपल्याकडच्या धूळपाटीवर गिरवायचे तशी. हाच राजा ‘तलवार’ हे एक अक्षर एकोणीस प्रकारे लिहितात हे ऐकून म्हणतो, मी सगळं जिंकलं की ही भानगडच मिटवेन. इतिहासात त्याने लिपी एकसारखी केलीही. ज्या शाळेसाठी आपण आत्ता हळहळलो, तिच्यावर हा माणूस बोळा फिरवणार आहे, आणि ते तो मोठ्या समंजसपणे सांगतोय. शेवटीही तसंच. काळ्या कपड्यांतले शेकडो दरबारी एका सुरात मृत्युदंड मागतात, राजा कचरतो आणि हुकूम देतो. मग बाणांनी भरलेलं दार, आणि मधोमध माणसाच्या आकाराची मोकळी जागा. असं दार दाखवणारा सिनेमा नुसता राजाची आरती ओवाळतोय, हे मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर तेही चुकीचं नाही.

अमेरिकेत हा सिनेमा 2004 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे चीनमध्ये लागल्यावर पावणेदोन वर्षांनी, हॉलिवूडचा दिग्दर्शक टॅरँटिनोचं नाव पुढे करून आणला गेला आणि पहिल्याच आठवड्याअखेर गल्ल्यात अव्वल ठरला. सबटायटल वाचायला लागणाऱ्या सिनेमाला हे भाग्य तिथे क्वचितच लाभतं.

परत पाहणार असाल तर डबिंग टाळा आणि मँडरिनमध्येच लावा. चेन दाओमिंगचा राजा जवळजवळ सबंध सिनेमाभर बसूनच बोलतो, त्याचं सगळं काम आवाजात आहे. त्यानंतर याच दिग्दर्शकाचा ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ (2004) बघा. गोष्ट ‘हिरो’च्या पासंगालाही पुरत नाही, पण नगाऱ्यांच्या रिंगणातला झांग झियीचा नाच आणि बांबूवनातला पाठलाग चुकवू नका. आणि मग ‘शॅडो’ (2018), जिथे त्याने रंगच काढून टाकले: कपडे, भिंती, पाऊस, सगळं शाईत बुडवल्यासारखं काळं-करडं, आणि त्यात रंग म्हणावा असा फक्त त्वचेचा आणि रक्ताचा. तो मोबाइलवर उन्हात बसून पाहू नका, निम्म्या करड्या छटा दिसणारच नाहीत.