दुकानातील ब्रॉडबँड मंद असेल तर
तुम्ही दादरला नव्याने दुकान थाटले आहे, म्हणून आग्रहाने सुचवतो की महागडा प्लॅन घेण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वेग मोजावा व त्याच्या नोंदी ठेवाव्यात. केबलवर वेग पूर्ण मिळत असेल, तर दोष बहुधा वायफायचा असतो; दाट वस्तीत वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी होते, तेव्हा राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, मात्र तो जाड भिंतींपलीकडे कमी पोहोचतो. अपलोडचा, म्हणजे दुकानातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग अवश्य तपासावा, कारण क्लाउडवर चित्रण पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे तोच व्यापून टाकतात आणि बिलिंग अडखळते. याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. केबलवरही वेग कमीच भरला, तर कंपनीकडे नोंदींसह लेखी तक्रार करून तिचा क्रमांक मागून घ्यावा.