मागचं पुसू नकोस, पोरी

पोरी,

तुझा मेसेज परत एकदा वाचला. हेलिओस घेऊ का टाकुमार, या दोन जुन्या लेन्सपैकी कुठली, का दोन्ही सोडून पैसे साठवून रिकोचा जीआर कॅमेरा, का फुजीच्या एक्स-१०० कॅमेऱ्यासाठी थांबू, का बाबांचा जुना पॉवरशॉट कॅमेरा आहे त्यावरच भागवू, आणि सगळ्यात शेवटी घाईघाईनं एक ओळ, की काका, आमच्या गावात मागं सगळा पसाराच दिसतो म्हणून ब्लर होणारी लेन्स पाहिजे. तुझा सगळा घोळ त्या शेवटच्या ओळीत आहे. तेवढी सुटली की वरचं लेन्सपुराण आपोआप सुटतंय, म्हणून मी तिथूनच सुरू करायलोय.

आजीचा फोटो बघितला, मैत्रिणीच्या सोनीवर हेलिओस लावून काढलेला. डावा डोळा फोकसमध्ये आहे, उजवा सुटलाय, आणि मागं हिरवं-पिवळं सगळं गोल गोल फिरायलंय. लाइक भरपूर पडले म्हणून तू खूश आहेस. आता मला सांग, आजी बसलीय कुठं? ओसरीवर? गोठ्यापाशी? लिंबाखाली? का लातूरच्या एखाद्या बागेत? मला आजी दिसली, आजीचं काहीच दिसलं नाही. तिची चूल, तिनं सारवलेली भिंत, खुंटीवरची पिशवी, दारातला बैल, हे सगळं तू पैसे मोजून पुसायला निघालीस. मागचं पुसू नकोस. हे मी या पत्रात परत परत म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

हेलिओसवर माझा राग नाही, उलट जीव आहे. तुम्ही जिला विंटेज म्हणता ती लेन्स माझ्याकडं झेनिट कॅमेऱ्यासोबत आली आणि कित्येक वर्षं तेवढी एकच होती. हेलिओस ४४-२, ५८ एमएम, एफ २. एफ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते, आकडा जितका छोटा तितकं जास्त उघडं. जर्मनीच्या झाइसची बायोटार म्हणून लेन्स होती, तिच्यावरून युद्धानंतर रशियन लोकांनी बनवलेली. तुला आवडतो तो भोवरा कसा होतो माहितीय का? लेन्स पूर्ण उघडी असली की कडेनं तिरका येणारा उजेड नळीत थोडा कापला जातो, त्यामुळं मागचे उजेडाचे ठिपके मध्यभागी गोल राहतात आणि कडेला चपटे होत जातात, त्यात त्या जुन्या रचनेत कडेचा फोकसही वाकडा, म्हणून सगळं फिरल्यासारखं दिसतंय. एफ ५.६ ला ते बरंच जातंय, एफ ८ ला जवळपास गेलेलंच. तिथंच ही लेन्स खरी चांगली होते, रंग मऊ, कडेपर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट, आणि तिथं कोणी तिचा वापरच करत नाही. दीड मीटरवरून एफ २ ला तुझ्या मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर फोकसचा पट्टा असतो जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीचा. म्हणून आजीचा दुसरा डोळा गेला. तुझा हात हलला नव्हता, उगाच स्वतःला दोष देऊ नकोस.

आमच्या वेळेला भर उन्हात एफ २ लावायचा प्रश्नच नव्हता. झेनिटचं शटर १/५०० सेकंदाच्या पुढं जायचं नाही. रोल १०० स्पीडचा, आणि ऊन आपलं. हिशोब कर की, लख्ख उन्हात एफ १६ ला साधारण १/१००, म्हणजे एफ ८ ला १/४००, आणि एफ २ लावायचा म्हणलं तर १/६४०० पाहिजे. आणायचं कुठून? त्यामुळं दिवसाउजेडी एफ ८ पेक्षा जास्त उघडायची सोयच नव्हती, आणि माझ्या प्रत्येक फोटोत माणसासोबत त्याचं घरदार येत गेलं. त्या मशीननं मला जे शिकवलं ते पुढं मी हट्टानं धरून ठेवलं. तुझ्याकडं आता इलेक्ट्रॉनिक शटर आहे, भर दुपारी एफ २ मारता येतंय, म्हणून मारायचंच असं कुठं लिहिलंय?

आता किल्लारीचं सांगतो, तुझा जन्मही नव्हता. मी औसा तालुक्यात नोकरीला होतो, सुट्टीच्या दिवशी सायकलवर आसपासच्या गावात जायचो, फोटो काढायचो आणि प्रिंट नेऊन द्यायचो. ती गावं तू बघितली नाहीस. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवद, उन्हाळ्यात आत गारेगार. एका घरासमोर एक बाई आणि तिची दोन लेकरं उभी केली, चार मीटरवरून, एफ ८. मागं त्यांचं दार आलं. निळा रंग उडालेला, एका फळीवर पितळी कडी, दुसरीची तुटलेली, तिथं सुतळी बांधलेली, शेजारच्या देवळीत रॉकेलची चिमणी आणि तिच्या काजळीचा वर चढत गेलेला काळा पट्टा. तो फोटो मी नेऊन दिला आणि विसरलो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला ते सगळं खाली बसलं. ज्या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या ऊन अडवलं त्याच झोपलेल्या माणसांच्या अंगावर पडल्या. त्यावर मी जास्त लिहीत नाही, अजून लिहवत नाही. पुढं गावं दुसरीकडं वसवली, सरळ रेषेत रस्ते, सारखी सारखी घरं. आणि त्यानंतर एक दिवस त्या बाईचा थोरला पोरगा लातूरला माझं घर शोधत आला, आता मिसरूड फुटलेला, हातात तोच फोटो, कोपरे मऊ पडलेले. मला वाटलं आईचा चेहरा मोठा करून पाहिजे असेल. तर म्हणला, सर, ह्यातलं मागचं दार मोठं करून मिळतंय का, आईनं सांगितलंय. आई होती बरं का, सुखरूप होती, नव्या घरात राहत होती. तिला स्वतःचा फोटो नको होता, दार पाहिजे होतं. निगेटिव्ह माझ्याकडं होती. लॅबवाल्याजवळ बसून दाराएवढाच भाग आठ बाय दहाचा करून घेतला. दाणे दिसत होते, पण सुतळीची गाठ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आली.

तो फोटो मी एफ २ ला काढला असता तर? त्या दाराच्या जागी निळा डाग आला असता, सुंदर, मऊ, आणि त्या बाईच्या काहीच कामाचा नाही. कळायलंय का मी कशावर अडून बसलोय? मागचं पुसू नकोस. तुला जो पसारा वाटतो तो तुला रोज दिसतो म्हणून पसारा वाटतो.

आणि हाच फोटो, भूकंपाच्या आधीची गोष्ट, एका मोठ्या शहरातल्या क्लबच्या स्पर्धेला पाठवला होता. परत आला तेव्हा मागं पेन्सिलनं शेरा, बॅकग्राउंड डिस्टर्बिंग. त्यानंतर मी कुठल्याही स्पर्धेला काही पाठवलं नाही. घरचे अजून म्हणतात, पाठवत राहिला असतात तर नाव झालं असतं, एखादं प्रदर्शन लागलं असतं पुण्या-मुंबईला. झालं असतं, कोण नाही म्हणतंय. वाईटही वाटतं कधी कधी, माझ्यासोबत सुरुवात केलेली माणसं कुठल्या कुठं गेली. पण त्या परीक्षकाला आवडावं म्हणून मी दारं पुसायला लागलो असतो, आणि मग तो पोरगा आला तेव्हा त्याच्या हातात काय दिलं असतं? मी हेकट आहे असं लोक म्हणतात. असू दे. दोनातलं एक निवडायचं होतं, मी निवडलं आणि आज परत विचारलं तरी तेच निवडीन.

राजा दीनदयाळ सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर, आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्यांनी काचेच्या प्लेटवर वेरूळ घेतलं, दौलताबाद घेतलं. कैलास लेणं आजही जाऊन बघता येतंय, तिकीट काढलं की झालं. तेव्हाच्या फोटोत लेण्याच्या आजूबाजूचं जे सहज येऊन गेलं ते आता कुठल्या तिकिटावर बघणार? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा सगळे रेल्वेचा फोटो काढायला पळाले, मी आमच्या गल्लीतल्या एका पोराचा काढला, कारण त्याच्या मागं टँकरच्या वाटेत लावलेल्या घागरींची रांग होती आणि प्रत्येक घागरीवर ऑइल पेंटनं घरमालकाचं नाव. आज त्या पोराला स्वतःपेक्षा ती नावं वाचायला जास्त आवडतात.

पण एक ऐक, मागचं ठेवायचं म्हणजे कसंही येऊ द्यायचं असं नाही, आणि इथंच तुझी खरी मेहनत आहे. ब्लर करणं सोपं आहे गं, रिंग फिरवली की झालं. मागचं लावून घेणं अवघड. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय? अर्धं पाऊल डावीकडं सरक. तरी जात नाही? गुडघ्यावर बस, किंवा ओट्यावर चढ. बैल तोंड फिरवून उभा आहे? थांब, तो वळतोय, बैलाला कुठं घाई असते. दुपारच्या उन्हात तोंडावर काळ्या सावल्या पडतात म्हणून माणसाला छपराच्या कडेला आण, म्हणजे तोंडावर अंगणातून परत आलेला मऊ उजेड येतोय आणि मागची ओसरीही दिसते. प्लास्टिकची बादली दिसायलीय म्हणून ती उचलून ठेवायला धावू नकोस, ती त्यांची बादली आहे. आणि आजीला विचार, तुला कुठं बसायचंय. माणसाला बरोबर माहीत असतंय त्याला कशासमोर उभं राहायचंय. कोणी ट्रॅक्टरपुढं राहतंय, कोणी तुळशीपुढं, कोणी देवणी बैलाचा कासरा धरून. तू मधे पडू नकोस, तू फक्त सगळं मावतंय का बघ.

म्हणून बाबांचा पॉवरशॉट. तू त्याला खेळणं म्हणलीस ते मला अजिबात आवडलं नाही. त्याचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, त्यामुळं एफ २.८ लावला तरी मागचं इतकं स्पष्ट येतंय जितकं मोठ्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ १६ च्या आसपास येईल. जगभरातले लोक ज्याला त्या कॅमेऱ्याची उणीव म्हणतात तीच आपल्या कामाची आहे. अंधारात तो रडतोय, मान्य. पण आपल्याकडं उजेडाचा तुटवडा कधी होता? रिकोचा जीआर तर त्याच कामाचा मोठा भाऊ, २८ एमएमची नजर, स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं फोकसचं अंतर, अडीच मीटरवर ठेव, एफ ८ लाव, साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतंय, बटण दाबलं की झालं, समोरच्याला अवघडायला वेळच मिळत नाही. पण तो महाग आहे आणि तुला आत्ता त्याची गरज नाही. पुढं नोकरी लागल्यावर घे.

तरीही हेलिओस घ्यायचीच असेल तर घे, मला माहितीय तू घेणारच. घेताना मोबाइलची टॉर्च मागून मारून आत बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक दिसलं तर ती बुरशी, सोडून दे. समुद्रकाठच्या दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते, आपली कोरडी हवा या बाबतीत चांगली, तरी पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये कोंडून ठेवू नकोस, चामडं ओल धरतंय. लेन्सचं तोंड उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या पात्यांवर तेल नको. ४४-२ ला दोन रिंगा असतात, एकीनं एफ ८ ठरवायचा, दुसरीनं उघडून फोकस करायचा आणि परत मिटवायचं, मिटवायला विसरू नकोस. अॅडॉप्टर एम ४२ चा, म्हणजे जुन्या पेचाच्या लेन्ससाठीचा, मैत्रिणीच्या सोनीवर चालतोय, मेनूत लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय तेवढा सुरू करायचा. भावाच्या निकॉन डीएसएलआरवर लावायच्या भानगडीत पडू नकोस, काचेशिवायच्या अॅडॉप्टरनं लांबचा फोकसच लागत नाही. ५० एमएम एफ १.४ टाकुमार मिळाली आणि काच पिवळी दिसली तर घाबरू नकोस, त्यातल्या बऱ्याच लेन्समध्ये थोरियमची काच असते, वयानं पिवळी पडते, खिडकीत उन्हाला काही दिवस ठेवली की बरीच निवळते, फक्त समोर कागद-कापड ठेवू नकोस, पेट घेईल, आणि मे महिन्यातल्या उन्हात तर ठेवूच नकोस, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतंय. झालं, लेन्सचं एवढंच.

येत्या शनिवारी गावाला चाललीस ना, पॉवरशॉट घेऊन जा. आजीचा परत काढ, पूर्ण ओसरीसकट. शेजारपाजारचेही काढ. लातूरला आल्यावर स्टुडिओतून पोस्टकार्ड साइजच्या प्रिंट काढ आणि पुढच्या खेपेला ज्याच्या त्याच्या हातात दे. देताना तिथंच उभी राहा आणि त्यांचं बोट फोटोत आधी कुठं जातंय ते बघ. मग मला फोन कर. बोट कुठं गेलं तेवढं सांग, लाइक किती आले ते नको.

आणि पॉवरशॉटमध्ये साधे पेन्सिल सेल घालू नकोस, लगेच बसतात, रिचार्जेबल घाल. इतक्या जुन्या कॅमेऱ्याला नवीन मोठं कार्ड चालणार नाही, २ जीबीपर्यंतचं साधं एसडी लागेल आणि ते आता दुकानात मिळणं अवघड आहे. माझ्याकडं एक पडून आहे. शुक्रवारी संध्याकाळी क्लास सुटल्यावर येऊन घेऊन जा, काकू घरीच आहेत.

तुझे काका