कन्सोल लॉक : कुलूप की कडी?

प्रश्न असा आलाय की लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मराठी नोट्समध्ये 'कन्सोल लॉक'ला (कन्सोल म्हणजे कर्नलचे मेसेज जिथे जातात ती जागा, आणि लॉक म्हणजे तिथे एका वेळी एकानेच लिहावं याची सोय) 'कन्सोलचं कुलूप' लिहिलं तर चालेल का, आणि 'बस्ट स्पिनलॉक्स' या फंक्शनच्या नावाला 'कुलपं तोडणे' म्हणावं का. माझं मत विचाराल तर कुलूप नको, कडी म्हणा.

कुलूप हा शब्द अरबी 'कुफ्ल'वरून आलाय. ते आपण बहुतेक बाहेरून लावतो, लावणारा निघून जातो आणि ज्याच्याकडे किल्ली असेल तो कोणीही येऊन उघडतो. कर्नलमधला लॉक असा नसतोच, तिथे सीपीयू आत शिरतो, आतून कडी लावतो, आपलं काम उरकतो आणि स्वतःच कडी काढतो, बाहेरच्याकडे किल्ली वगैरे काही नसते. स्पिनलॉक असेल तर बाहेरचा सीपीयू दारातच 'झालं का, झालं का' करत उभा राहतो. कन्सोलला कडी लागते कारण दोन सीपीयू एकदम लिहायला लागले तर एकाची अक्षरं दुसऱ्याच्या ओळीत घुसतात.

आता क्रॅशचं बघा. एक सीपीयू कडी लावून सिरियल पोर्टवर (हाही एक कन्सोलच) मेसेज लिहितोय आणि तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर पॅनिक होतं (म्हणजे कर्नलला पुढे चालताच येत नाही अशी चूक), पॅनिकवाला बाकी सगळ्या सीपीयूंना जागच्या जागी थांबवतो, म्हणजे आतला माणूस कडी लावलेली असतानाच बेशुद्ध पडला, आणि शेवटचा निरोप तर याच दारातून जायचाय! पॅनिकवाला नुसता वाट बघत राहिला तर तो कायमचा अडकेल, आणि क्रॅश कशामुळे झाला ते सांगणारी नेमकी तीच ओळ आपल्याला कधीच दिसणार नाही.

म्हणून 'बस्ट स्पिनलॉक्स' आहे, पण इथे नावाला फसू नका. बस्ट म्हणजे फोडणे असलं तरी आजच्या कोडमध्ये ते फंक्शन स्वतः एकही लॉक फोडत नाही, 'ऊप्स इन प्रोग्रेस' नावाचा आकडा एकने वाढवतं, बस. म्हणजे ती 'घरात आग लागलीय' अशी हाक झाली. ती ऐकून ८२५० सिरियल ड्रायव्हर (सिरियल पोर्ट चालवणारा कोड) दार ढकलून बघतो (ट्रायलॉक म्हणजे हेच), उघडलं तर ठीक, नाहीतर तसाच लिहायला लागतो, अक्षरं सरमिसळ झाली तरी चालतील पण निरोप गेला पाहिजे. त्यामुळे 'कुलपं तोडणे' हे भाषांतर शब्दाला धरून असलं तरी कामाला धरून नाही, मी तरी 'आणीबाणी जाहीर करणे' लिहीन. एमआयटीच्या एक्सव्ही-६ (शिकवण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) मध्ये तर पॅनिक आलं की प्रिंटएफ हे मेसेज छापणारं फंक्शन लॉक घ्यायचंच सोडून देतं, कडीचा विषयच संपला.

लिनक्सनेही नंतर प्रिंट-केचा (कर्नलच्या मेसेज छापणाऱ्या फंक्शनचा) बफर, म्हणजे मेसेज साठवायची जागा, बिनकडीचा केला, डिसेंबर २०२० मधल्या ५.१० मध्ये, म्हणजे मेसेज साठवायला आता कोणाची वाट बघावी लागत नाही. कन्सोलवर लिहिण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही, त्यावर पुढे अजून काही वर्षं काम चाललं.

आणि डेडलॉकला (एकमेकांची वाट बघत सगळेच अडकून पडतात त्याला) नवीन शब्द घडवत बसू नका, 'कोंडी' आहे ना. वाहतुकीची कोंडी होते, चर्चेची कोंडी फुटते, तशीच इथेही कोंडी होते आणि फोडावी लागते. बोलताना 'लॉक घेतला, लॉक सोडला' खुशाल म्हणा, मीही तेच म्हणतो, नोट्समध्ये मात्र 'कडी लावली, कडी काढली' लिहा.