रेड-झिरोवर कर्नल पॅनिक होतंय, अॅरे मोडून पुन्हा बांधू का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: दोन सारख्या डिस्क जोडून केलेला लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड-झिरो (दोन्ही डिस्क मिळून एकच मोठी डिस्क, म्हणजे अॅरे), ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच्यावरच, दर एक-दोन दिवसांनी कर्नल पॅनिक (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळून मशीन थांबणं), स्क्रीनच्या फोटोत रेड-झिरोच्या फंक्शनचं नाव, आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर लॉग कोरा. म्हणून अॅरे मोडून नव्याने बांधायचा विचार आहे.

आज तरी बांधू नका. रेड-झिरोत दुसरी प्रत नसते. मोठी फाइल दोन्ही डिस्कवर आलटून पालटून तुकड्यांनी पसरलेली असते. एक डिस्क गेली की दुसरीवर उरतात ते निरुपयोगी तुकडे. नव्याने बांधायची कमांड जुन्या सुपरब्लॉकवर (अॅरेची रचना नोंदलेल्या जागेवर) लिहिते, आणि चंकचा (एका तुकड्याचा) आकार किंवा डिस्कचा क्रम जरा चुकला तरी आतला डेटा ओळखू येणार नाही. आधी वेगळ्या माध्यमावरून मशीन चालू करून दोन्ही डिस्कच्या पूर्ण प्रती डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिसरीकडे काढा. तोवर फाइल सिस्टिमची दुरुस्तीही चालवू नका. खालची डिस्क चुकीचं वाचत असेल तर दुरुस्तीचा प्रोग्राम त्या चुकीच्या माहितीवर विसंबून लिहीत सुटतो. ही पायरी गाळून पस्तावलेले लोक मी पाहिलेत, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतोय.

आता तो फोटो. ‘ऊप्स’ (कर्नलमधल्या गंभीर चुकीची नोंद) या ओळीत चौकोनी कंसात २ आहे आणि टेंटेडच्या पुढे ‘डी’ हे अक्षर, म्हणजे आधीही एक ऊप्स होऊन गेल्याची खूण. म्हणजे ही कर्नलची दुसरी ठेच आहे. पहिली स्क्रीनवरून वर सरकून गेली, आणि आपल्याला हवी आहे ती तीच. पहिल्या ऊप्सनंतर कर्नल अर्धवट अवस्थेत चालत असतो, तेव्हा त्यापुढे कुठल्या फंक्शनचं नाव येईल यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

लॉग कोरा राहण्याचं कारण सरळ आहे. लॉग त्याच अॅरेवर लिहिला जातो. अॅरेकडे जाणारा रस्ताच बंद पडला तर शेवटच्या ओळी मेमरीतच राहतात आणि रीबूटबरोबर पुसल्या जातात. त्यामुळे लॉग बाहेर काढायची सोय आधी करा. सगळ्यात सोपं नेटकन्सोल: कर्नलचे संदेश नेटवर्कवरून यूडीपीने दुसऱ्या मशीनकडे जातात, डिस्कचा संबंधच येत नाही. कन्सोलची लॉग पातळी ८ वर न्यायला विसरू नका, नाहीतर महत्त्वाच्या ओळी गाळल्या जातील. जोडीला केडम्प लावा. त्यात थोडी मेमरी आधीच राखून ठेवलेली असते. पॅनिक झालं की त्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल सुरू होतो आणि मेलेल्या कर्नलची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. ही फाइल मात्र या अॅरेवर नको. वेगळ्या डिस्कवर किंवा एसएसएचने दुसरीकडे पाठवा.

माझ्याच मशीनवर असं झालं होतं. तेव्हा जुना कर्नल होता. ऊप्समध्ये ब्लॉक लेयरचं (कर्नलमधल्या डिस्क हाताळणाऱ्या भागाचं) फंक्शन आणि शून्य पॉइंटर दिसत होता, आणि मी दोन आठवडे कर्नलचा कोड वाचत बसलो. नेटकन्सोल लावल्यावर पहिल्याच रात्री उलगडा झाला. ऊप्सच्या चार सेकंद आधी ओळ होती: साटा लिंक डाउन, म्हणजे डिस्कची जोडणी तुटली. मग लिंक पुन्हा जोडायचे तीन प्रयत्न, मग डिस्क काढून टाकल्याची नोंद, आणि नंतर ऊप्स. डिस्कला वीज देणारा कनेक्टर सैल होता. कर्नलमध्येही चूक होतीच, कारण डिस्क गायब झाली तर एरर परत यायला हवी, कोसळणं नव्हे. पण माझं मशीन बरं झालं ते कनेक्टर बदलल्यावर.

लिनक्स कर्नल ५.४ पासून या बाबतीत सुधारणा आहे. त्याआधी रेड-झिरोची एखादी डिस्क निघून गेली तरी अॅरेची अवस्था ‘क्लीन’च दिसायची, आता ती ‘ब्रोकन’ होते आणि पुढचं लिखाण एररने परत येतं. तुमचा कर्नल याहून जुना असेल तर तो बदलणं गरजेचंच आहे.

पहिला ऊप्स हाती आला की त्यातला मेमरीचा पत्ता पाहा. शून्याच्या अगदी जवळचा पत्ता, समजा शेवटी फक्त ५०, म्हणजे रिकाम्या पॉइंटरमधून एखादं फील्ड वाचायचा प्रयत्न. ६बी६बी६बी अशी माळ दिसली तर मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली गेली आहे (स्लॅब पॉयझनिंग, म्हणजे मोकळ्या मेमरीवर खुणेचा आकडा भरायची कर्नलची सोय, चालू असेल तरच हे दिसतं). पत्ता एरवी बरोबर वाटतो पण एकच बिट उलटा आहे, किंवा दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये पडझड होते, असं असेल तर रॅमवर संशय घ्या आणि मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. कॉल ट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्या यादीत) प्रश्नचिन्ह असलेल्या ओळी सोडून द्या. ते बहुतेक वेळा स्टॅकवर उरलेले जुने पत्ते असतात.

अॅरेच्या नावाने बफर आय/ओ एरर आली असेल तर ती कुठल्या डिस्कची हे कागदावर काढता येतं. समजा लॉजिकल ब्लॉक ६२५००० आहे आणि ब्लॉक ४ केबीचा. ५१२ बाइटचे सेक्टर धरले तर ८ ने गुणून ५०००००० सेक्टर. चंक ५१२ केबीचा असेल, म्हणजे १०२४ सेक्टरचा, तर भागाकार ४८८२ आणि बाकी ८३२. ४८८२ सम आहे, म्हणून पहिली डिस्क. विषम असता तर दुसरी. त्या डिस्कवर हा २४४१ क्रमांकाचा चंक, कारण मोजणी शून्यापासून आहे. म्हणजे सेक्टर २५००४१६, अधिक सुपरब्लॉकमध्ये दिलेला डेटा ऑफसेट. पाच-सहा एररचं असं गणित करा. सगळ्या एकाच डिस्कवर येत असतील तर त्या डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) उघडा. १९७ क्रमांकाचा, वाचता न आलेल्या सेक्टरचा आकडा वाढतोय तर डिस्क जातेय. १९९ म्हणजे सीआरसी एरर (डिस्ककडे जाता-येता डेटा बिघडल्याच्या) वाढताहेत तर बहुधा केबल किंवा कनेक्टर. हे आकडे आज आणि दोन दिवसांनी असे दोनदा टिपा, कारण १९९ चा आकडा केबल बदलली तरी खाली येत नाही. तो थांबला का एवढंच पाहायचं.

एक धोका मात्र कर्नल बदलण्याआधी तपासा. डिस्क सारख्या आहेत असं तुम्ही म्हणता, पण अॅरेत घेतलेली पार्टिशन्स नेमकी सारखी आहेत का? आकार वेगळे असतील तर रेड-झिरोत एकाहून जास्त झोन (डेटा वेगवेगळ्या तऱ्हेने पसरलेले भाग) होतात, आणि दुसऱ्या झोनमध्ये एकाहून जास्त डिस्क असतील तर अशा अॅरेवरची डेटाची मांडणी ३.१४ मध्ये नकळत बदलली गेली. म्हणून ५.४ आणि नंतरचे काही कर्नल आकार वेगळे असलेला अॅरे, तो दोनच डिस्कचा असला तरी, मांडणी सांगितल्याशिवाय जोडत नाहीत, आणि रूट (मुख्य फाइल सिस्टिम) त्याच्यावर असेल तर मशीन सुरूच होणार नाही. तेव्हा कर्नलला डिफॉल्ट लेआउट सांगावा लागतो: ३.१४ च्या आधीच्या कर्नलने लिहिलेल्या अॅरेसाठी १, नंतरच्यासाठी २. दोनच डिस्कच्या अॅरेत दुसऱ्या झोनमध्ये एकच डिस्क असते, त्यामुळे तिथे कुठल्याही आकड्याने फरक पडत नाही; पण डिस्क जास्त असतील तर चुकीचा आकडा देऊन लिहिलंत की डेटा बिघडतो, म्हणून तेव्हा आधी फक्त वाचण्यापुरतं माउंट करा आणि अॅरेच्या शेवटच्या भागातल्या मोठ्या फाइल उघडून बघा. फरक पडतो तो तिथेच.

नेटकन्सोलवर पहिल्या ऊप्सच्या आधीच्या शंभरेक ओळी सापडल्या की त्या, कर्नलची आवृत्ती आणि दोन्ही डिस्कचे १९७ व १९९ चे आकडे इथे जोडा. मी ते ओळीओळीने पाहीन.